घासायची की झाकायची?

विक्रोळी पूर्वेला, हायवे आणि खाडीच्या मधे, कन्नमवार नगर पसरलं आहे. मुख्यमंत्रिपदावर असतानाच 1963 साली वारलेल्या मारोतराव कन्नमवारांचं नाव या म्हाडा वसाहतीला आहे. इथल्या जुन्या इमारतींत घराचं काम काढलं की रंगावर फार चर्चा होत नाही. भांडण होतं ते फरशीवर. पायाखालची जुनी मोझेक मशीन लावून पॉलिश करून घ्यायची, की तिच्यावरच दोन बाय दोनच्या चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स टाकून मोकळं व्हायचं?

हा संवाद दीर-भावजयींचा आहे. वहिनी तिसऱ्या मजल्यावर नवरा, सासूबाई आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलीसह राहतात. त्यांचं माहेर गिरगावातल्या चाळीतलं. भाऊजी बदलापूरला असतात आणि फ्लोअरिंगची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहेत. टाइल बसवण्यावरच त्यांचं पोट चालतं, तरी या घरात टाइल नको, असं त्यांचं म्हणणं.

वहिनी : भाऊजी, मी टाइल बघून आले. फिकट, आयव्हरी रंगाची. गणपतीच्या आत काम उरकायचं. तुम्ही फक्त माणसं द्या.

भाऊजी : माणसं देतो. पण आधी सांगा, या फरशीचं नेमकं काय बिघडलंय?

वहिनी : काय चांगलं आहे ते तुम्हीच सांगा! सांधे काळे पडलेत. कितीही पुसा, पुसल्यासारखी दिसत नाही. नळाच्या कामाच्या वेळी बसवलेल्या चार लाद्या वेगळ्याच रंगाच्या. मोरीच्या भिंतीलगत पांढरं पीठ सुटतं, ते रोज झाडते मी.

भाऊजी : यातले काळे सांधे, मळकट रंग आणि चार वेगळ्या लाद्या ही फरशीची तक्रार. पांढऱ्या पिठाची तक्रार फरशीची नाही. तो खार आहे. खालून ओल वर येते, सिमेंटमधला क्षार सोबत आणते आणि पाणी उडून गेलं की क्षार वर राहतो. म्हणजे मोरीतून कुठेतरी पाणी मुरतंय.

वहिनी : मग टाइल टाकल्यावर ते दिसणार नाही.

भाऊजी : दिसणार नाही, हेच तर माझं दुखणं. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी पिते, म्हणजे जवळजवळ नाहीच. खालची ओल तिच्यातून वर येणार नाही. ती आडवी पसरेल, भिंतीत चढेल नाहीतर स्लॅबमधून खालच्या घरात उतरेल. आज पीठ झाडता झाडता तुम्हाला कळतं तरी. उद्या खालच्यांच्या सीलिंगचं प्लास्टर सुटेल तेव्हा कळेल. ताप आलेल्या पोराला नवा शर्ट घालून शाळेत धाडल्यासारखं होईल ते.

वहिनी : बरं. मोरी आधी दुरुस्त करू. वॉटरप्रूफिंग करू. मग तर टाइल टाकायला हरकत नाही?

भाऊजी : मग हरकत वजनाची. आपलं घर कार्पेट 220 चौरस फूट. वाळू-सिमेंटचा इंचभर माल टाकून त्यावर टाइल बसवली तर चौरस फुटामागे साधारण 7 किलो वजन वाढतं. सगळ्या घराचं मिळून दीड टन. राहत्या घराचा स्लॅब माणसं, कपाटं, पलंग धरून चौरस मीटरला सुमारे 200 किलो भार पेलेल असा धरतात, म्हणजे चौरस फुटाला 19 किलोच्या आसपास. त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तुमची टाइलच खाणार. शिवाय स्लॅब इमारतीइतकाच जुना, आणि हवा खाडीची. आतलं लोखंड किती गंजलंय ते वरून कळत नाही.

वहिनी : मालावर कोण बसवतं हल्ली? समोरच्या बिल्डिंगमध्ये केमिकलने चिकटवल्या.

भाऊजी : तेवढं मान्य. ॲडेसिव्हवर बसवली तर चौरस फुटाला 3 किलोच्या आत भागतं, सगळ्या घराला सहाशे किलो. उंचीही दीड-एक सेंटिमीटरच वाढते. पण त्यासाठी खालची फरशी घट्ट आणि सपाट हवी. गुळगुळीत मोझेकवर ॲडेसिव्ह धरत नाही, टाचे मारावे लागतात. आणि एक लाद पोकळ असली की वरची टाइलही पोकळच बसते. दोन वर्षांत पाय पडला की टक टक वाजायला लागते.

वहिनी : म्हणजे घट्ट फरशीवरच चिकटवायची. आणि घट्ट असेल तर तुम्ही म्हणणार, मग झाकता कशाला!

भाऊजी : माझं निम्मं बोलणं तुम्हीच बोलून टाकलंत.

वहिनी : उरलेलं निम्मं मी पाडते. ही जुनी फरशी उखडूनच टाकू. वजनही वाढणार नाही, उंचीही नाही.

भाऊजी : मोझेकची लाद 22 मिलिमीटरची, खाली इंच-दीड इंच माल. सगळं उखडलं तर अडीच टनांच्या घरात डेब्रिज निघेल. चाळीस किलोची एक गोणी धरली तर साठ-पासष्ट गोण्या तिसऱ्या मजल्यावरून, लिफ्ट नसताना, उतरवायच्या. तेही जमेल. पण ब्रेकरचे हादरे जुन्या स्लॅबला बसतात ते वेगळेच. खालच्या घरातली पोपडी सुटायला तेवढं निमित्त पुरतं. नाइलाज असेल तर मी उखडतो. तुमच्या घरात तसा नाइलाज मला दिसत नाही.

वहिनी : तुम्हाला काय दिसतं ते सांगू? तुम्हाला जुनं ते सोनं दिसतं. वांद्र्याच्या कॅफेत मोझेक टाकतात म्हणे आता, फोटो काढायला. जिच्या हातात रोज फडकं नाही तिला कुठलीही जुनी फरशी सुंदरच दिसते.

भाऊजी : फॅशनचं सोडा. ही वस्तू काय आहे ते बघा. मोझेकची लाद भट्टीत भाजलेली नसते. साच्यात दाबतात आणि पाण्यात मुरवतात. सिमेंटच्या लाद्या आपल्याकडे बनवायच्या हा स्वदेशीचा विषय होता. 1922 साली मुंबईत भारत टाइल्स निघाली ती त्याच वाऱ्यात. लादीच्या वरच्या पाच-सहा मिलिमीटरच्या थरात संगमरवराच्या चिपा आणि रंगीत सिमेंट असतं. म्हणजे रंग वरवर छापलेला नाही. झिजला थर की खाली तोच रंग, त्याच चिपा. ती परत परत घासता यावी अशीच बनवलेली असते. तुमची आयव्हरी टाइल मोरबीच्या भट्टीतून हजार-बाराशे अंशांवर भाजून येते. टणक असते, कबूल. पण पुष्कळशा टाइल्सवर नक्षी वरच छापलेली असते. ओरखडा खोल गेला की तो घासून काढता येत नाही. टाइलच बदलावी लागते, आणि तोवर ती डिझाइन बाजारातून गेलेली असते.

वहिनी : भाऊ दाजी लाड म्युझियमला मुलीला घेऊन गेले होते. तिथली फरशी मलाही आवडली.

भाऊजी : मिंटनच्या टाइल्स आहेत त्या, विलायतेहून आलेल्या. त्या वास्तूच्या जीर्णोद्धाराला 2005 साली युनेस्कोचं पारितोषिक मिळालं. जुनं नीट केलं की...

वहिनी : तिथे कोणी बोंबील साफ करत नाही, भाऊजी. इथे ओट्याखाली चिंचेचा कोळ सांडतो, लिंबू पडतं, कुकरची शिटी उडाली की वरणाचा सडा होतो. डाग बसले की बसले.

भाऊजी : हे मात्र तुमचं शंभर टक्के खरं. संगमरवराच्या चिपा आणि सिमेंट, दोघांनाही आंबट चालत नाही. लिंबू पडलं की तिथली चकाकी जाते. आणि मोरी धुवायचं ॲसिड जर कधी फरशीवर...

वहिनी : दर दिवाळीला. काळे सांधे निघावेत म्हणून.

भाऊजी : तेच फरशीला खातं. मळ बसलाय म्हणून तुम्ही ॲसिड टाकलंत, ॲसिडने वरचा गुळगुळीतपणा गेला, मग खरखरीत जागी मळ दुप्पट धरला. फरशी म्हातारी झाली असं तुम्ही म्हणता, त्यातलं निम्मं म्हातारपण बाटलीतून आलंय.

वहिनी : हे आधी कोणी सांगितलं होतं? सोसायटीत सगळ्याच जणी तेच करतात. बरं, तुमच्या पॉलिशचं बोला. तीन दिवस घरभर राडा, सामान गॅलरीत, आई कुठे झोपायच्या?

भाऊजी : राडा होतो, ते लपवत नाही. पाणी सोडून मशीन फिरवतात, पांढरा चिखल होतो. पहिल्या हाताला जाड दगड, मग भोकं आणि सांधे त्या रंगाच्या सिमेंटने भरायचे, ते मुरू द्यायचं, मग बारीक, अजून बारीक दगड, शेवटी ऑक्झॅलिक पावडर. कोपऱ्यात मशीन जात नाही, तिथे हातानेच घासावं लागतं; मजूर नेमके तिथेच अंग चोरतात. आणि तो चिखल मोरीत ओतू द्यायचा नाही. पाइपात जाऊन तो दगड होतो. बादलीत भरून, सुकवून, गोणीत. आईंना तेवढे दिवस बदलापूरला नेतो.

वहिनी : आणि एवढं करून चार वर्षांनी पुन्हा मळकट.

भाऊजी : ॲसिड टाकलंत तर चार महिन्यांत. साबण कमी, पाणी बेताचं, वर एकदा सीलर मारला तर पुष्कळ टिकेल. आणि आईंचा विचार करा. टाइल ओली झाली की गुळगुळीत काच होते. वर टाइलमुळे हॉल उंच, मोरी खाली. मधे बोटभर उंबरा तयार होणार. म्हाताऱ्या माणसाचा पाय मोठ्या पायरीला अडखळत नाही, अशा बोटभर उंचीला अडखळतो. दरवाजे खालून रंधून घ्यावे लागतील ते वेगळंच.

वहिनी : आईंचं नाव काढलंत की मी गप्प बसेन असं वाटलं का? रात्री त्यांना मोरीपर्यंत मीच नेते. त्या जुन्या फरशीवरही घसरल्यात एकदा.

भाऊजी : जुनी फरशी घसरत नाही असं मी म्हणणार नाही. मोरीच्या तोंडाशी खरखरीत टाइलच हवी, काहीही ठरलं तरी.

वहिनी : तुमच्या पुतणीचं तर तिसरंच. तिला लाकडी फ्लोअरिंग हवंय. पट्ट्या एकमेकींत अडकवायच्या, दोन दिवसांत काम, ना राडा ना ब्रेकर. फोटोत छान दिसतं.

भाऊजी : त्यातलं लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या भुशावर लाकडाचा फोटो. जुलैच्या दमटपणात कडा फुगतात. व्हिनाइलच्या पट्ट्या फुगत नाहीत, पण ओल मात्र खाली कोंडून ठेवतात. खरं लाकूड असतं तर मी वेगळं बोललो असतो. पाचगणीच्या एका जुन्या बंगल्यात आम्ही सागवानी फळ्यांची जमीन केली. खिळ्यांची डोकी आत ठोकली, सड लागलेल्या तीन-चार फळ्या बदलल्या, मशीनने वरचा पापुद्रा काढला, पॉलिश मारलं. मालक आधी त्यावर कार्पेट चिकटवणार होते.

वहिनी : खरं सागवान आमच्याकडे होतं, गिरगावात. चाळ 1940 च्या आधीची, उपकरातली, अ वर्गातली. वर बघितलं की कडीपाट. ब्रह्मी सागाच्या कड्या, त्यावर पाट. म्हणजे आमची जमीन ते खालच्या बिऱ्हाडाचं छत, आणि आमच्या डोक्यावरचं लाकूड ती वरच्यांची जमीन. लाकडावर कोणी चालत नसे, बरं का. पाटांवर चुन्याचा कोबा, कोब्यावर शहाबादी लादी.

भाऊजी : आपल्याकडची लाकडी जमीन अशीच. वाड्यातही तेच. लाकूड खालून दिसायचं, वरून नाही.

वहिनी : मग कोणीतरी शहाबादीवर मोझेक टाकली. माझ्या लग्नाच्या आधी दादाने मोझेकवर सिरॅमिक टाकल्या, पाहुणे येणार म्हणून. कपाट भिंतीपासून हळूहळू पुढे झुकायला लागलं. आम्ही खाली पुठ्ठे घालायचो. दरवर्षी एक पुठ्ठा जास्त. शेवटी दुरुस्ती मंडळाचं काम निघालं तेव्हा कोपरा उघडला. वर तीन थर, खाली कोबा, आणि कडीचं भिंतीत गेलेलं टोक हाताने कुस्करलं जात होतं. मधलं लाकूड ठणठणीत! टोक तेवढं गेलेलं, बाहेरच्या भिंतीतल्या पाइपाच्या ओलीने.

भाऊजी : साग वाळवीला सहज दाद देत नाही. पण ओल्या भिंतीत वर्षानुवर्षं कोंडलेलं टोक कुजतंच. वर प्रत्येक पिढीने भार वाढवत नेला. वहिनी, हा माझाच मुद्दा आहे.

वहिनी : तुमचा मुद्दा असा की झाकूच नका. मला ते पटत नाही. शहाबादी टाकली म्हणून कडी कुजली नाही, पाइप गळत होता म्हणून कुजली. शहाबादी टाकणाऱ्याने कोब्यावर टाकली, त्यात चूक नव्हती. त्या काळी पद्धतच ती. चूक पुढच्या दोघांची. त्यांनी खाली काय चाललंय ते बघितलंच नाही. दादाने एक लाद उचलून बघितली असती, तर नंतर खुशाल सिरॅमिक टाकायची होती.

भाऊजी : म्हणजे उघडून बघा, मग झाका.

वहिनी : आणि तुम्हीसुद्धा उघडून बघा, मग घासा. पोकळ लादीवर तुमचं मशीन फिरवलंत तर ती तुटणारच की.

भाऊजी : तुटते. म्हणून आधी नाणं घेऊन एकेक लाद वाजवायची. ठाक वाजली तर घट्ट, टक वाजली तर पोकळ. पोकळ लादीवर खडूने फुली.

वहिनी : आत्ताच वाजवा ना मग. हे घ्या रुपया.

(ते वाजवतात. हॉलमध्ये दोन फुल्या, दोन्ही त्या वेगळ्या रंगाच्या लाद्यांवर. स्वयंपाकघरात अकरा, बहुतेक मोरीच्या भिंतीलगत.)

भाऊजी : घ्या. हे एक घर नाही, दोन आहेत. हॉलची फरशी घट्ट आहे. स्वयंपाकघराची खालून सुटलीय.

वहिनी : म्हणजे हॉलमध्ये तुम्ही बरोबर, स्वयंपाकघरात मी.

भाऊजी : स्वयंपाकघरात तुम्ही माझ्याहून बरोबर. तिथे घासण्यासारखं काही उरलं नाही, आणि वरून चिकटवण्याजोगंही नाही. तेवढ्या पन्नास-साठ चौरस फुटांतली लाद छिन्नी-हातोड्याने उचलू, ब्रेकर नको. त्या निमित्ताने मोरीची ओल कुठून येते ते दिसेल. मग तुमची टाइल, पण आयव्हरी चकचकीत नाही. मॅट. लिंबू, चिंच, काहीही सांडो. आणि जुनी लाद उचलून टाकल्यामुळे उंची तीच, उंबरा होणार नाही.

वहिनी : निघालेल्या लाद्यांतल्या चांगल्या चार हॉलमध्ये बसवा. त्या वेगळ्या रंगाच्या जागी.

भाऊजी : हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच घरातली, तेवढीच झिजलेली लाद. बाजारात फिरून मिळाली नसती.

वहिनी : आता तो प्रश्न विचारते जो तुम्ही मगापासून टाळताय. रिडेव्हलपमेंट. शेजारची इमारत पाडली. म्हाडा पुनर्विकासाच्या 33(5) नियमाखालची आमची फाइल कधी पुढे सरकते, कधी नाही. उद्या घरं खाली करा म्हणाले तर तुमचं पॉलिश आणि माझी टाइल, दोन्ही एकाच डंपरमध्ये.

भाऊजी : टाळत नव्हतो, त्याचं उत्तर माझ्या धंद्याच्या विरुद्ध जातं म्हणून शेवटी ठेवलं होतं. बिल्डरशी करारनामा रजिस्टर झाला असेल तर फरशीवर एक रुपया घालू नका. मोरी तेवढी करा, कारण गळकं पाणी करारनाम्याची वाट बघत नाही. सोसायटी अजून सभा आणि ठरावांतच असेल तर वर्षं सांगता येत नाहीत. तेव्हा जे कमी खर्चात, कमी वजनात आणि कमी तोडफोडीत होतं तेवढं करायचं. हॉलचं पॉलिश त्यात बसतं. घरभर टाइल बसत नाही.

वहिनी : आमचं अजून सभांतच आहे. मागच्या सभेत तर चहावरून भांडण झालं.

भाऊजी : मग तेवढ्यासाठी आईंना खारावर आणि पोकळ लाद्यांवर बसवून ठेवायचं नाही. पण गणपतीचा हट्ट सोडा. श्रावण-भाद्रपदात फरशी आतून ओली असते; त्यावर सीलर मारला की पांढुरके चट्टे उठतात. मोरीचं काम आत्ता, गळती आधी थांबायला हवी. लादीचं काम दसऱ्यानंतर, हवा कोरडी झाली की.

वहिनी : आणि तुमच्या पुतणीला काय सांगू? तिचं लाकूड राहिलं.

भाऊजी : तिला सांगा, रुपया घेऊन शेजारच्या घरातली फरशी वाजवून ये. पुढे स्वतःचं घर घेताना उपयोगी पडेल.

वहिनी : तिला मी सांगेन. तुम्ही कोटेशन लिहून द्या, तोंडी नको. पहिली ओळ मोरीची गळती. दुसरी स्वयंपाकघरातल्या लाद्या उचलणं, तिसरी टाइल, शेवटी पॉलिश. पॉलिशच्या ओळीत कोपरे हाताने घासायचे हेही लिहा, कारण तुमचे मजूर कुठे अंग चोरतात ते आत्ताच कळलं. आणि काम सुरू करायच्या आदल्या दिवशी खालच्या मजल्यावर सांगून यायचं, सीलिंगचे फोटो काढून ठेवायचे. तेही तुम्हीच.